फॉरेस्टचा डोनाल्ड आणि आमचा दादा

मिसिसिपी या नावाशी आपली ओळख बहुधा शाळेतल्या भूगोलाच्या तासाची. लांबच लांब नदी, कापसाची शेते, आणि इंग्रजी स्पेलिंग पाठ करताना उडालेली तारांबळ! त्याच नावाचे एक राज्य अमेरिकेच्या दक्षिणेस आहे आणि त्या राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे जाण्याचा योग मला आलेला नाही, पुढे येईल असेही वाटत नाही. तरीसुद्धा त्या गावच्या एका गृहस्थांची आठवण निघाल्यावाचून गेली काही वर्षे माझा एक आठवडा जात नाही.

डोनाल्ड ट्रिपलेट हे त्यांचे नाव. ८ सप्टेंबर १९३३ रोजी ते जन्मले आणि १५ जून २०२३ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी वारले. मधल्या काळात त्यांनी केले काय? तर गावच्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, रविवारी चर्चला गेले आणि हौसेने प्रवास केला. एवढ्याशा भांडवलावर कोणाचा मृत्युलेख छापून येत नाही. परंतु डोनाल्ड गेले तेव्हा देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी त्यांची दखल घेतली. कारण ‘ऑटिझम’ हे निदान वैद्यकाच्या इतिहासात पहिल्या क्रमांकावर ज्याच्या नावे नोंदले गेले, तो मुलगा म्हणजे हे डोनाल्ड.

ऑटिझमला आपण मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतो. मी मराठी शिकवते, त्यामुळे शब्द दिसला की तो उलटसुलट करून पाहण्याची खोड आहे. मूळ शब्द ग्रीक ‘ऑटोस’वरून, म्हणजे ‘स्वतः’वरून आलेला. तेव्हा ‘स्व’ आला हे ठीक, पण ‘मग्न’? मग्न म्हणजे बुडालेला. माझा थोरला भाऊ स्वमग्न आहे, आणि एक्कावन्न वर्षांत तो स्वतःत बुडालेला मला कधी दिसला नाही. तो बुडालेला असतो रेल्वेच्या वेळापत्रकात, विजेच्या बिलावरच्या युनिटांत, जिन्याच्या पायऱ्यांत. स्वतःविषयी त्याला विचारले तर तो गप्प बसतो. जगाविषयी विचारले तर थांबत नाही. असो. शब्द रूढ झाला आहे आणि रूढ शब्दाशी भांडून कोणी जिंकत नाही, हेही मी वर्गात शिकवतेच.

डोनाल्डचे वडील वकील होते, आई शाळेत शिकवीत असे, आणि गावातली बँक आईच्या माहेरची होती. मुलगा देखणा, निरोगी. अडीच वर्षांचा नाही झाला तोच बायबलातले एक अख्खे स्तोत्र त्याला मुखोद्गत! पण आई खोलीत आली तर तो मान वर करत नसे. भांडी गरागरा फिरवत बसे. फिरणे थांबवले की आकांत. डॉक्टरांच्या सल्ल्याने, चार वर्षे पुरी व्हायच्या आत, १९३७ साली त्याला घरापासून दूर, क्षयाची भीती असलेल्या मुलांसाठी काढलेल्या एका संस्थेत ठेवण्यात आले. तिथे तो जेवेनासा झाला, हसेनासा झाला, एका जागी बसून राहू लागला. सुमारे वर्षभराने आईबाप त्याला घरी न्यायला आले तेव्हा तिथल्या प्रमुखांनी सांगितले की त्याचे ठीक चालले आहे, आता त्याला त्रास देऊ नका. त्यांनी ऐकले नाही. मुलाला घेऊन ते घरी आले.

मग वडिलांनी एक पत्र लिहिले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले लहान मुलांच्या मनोविकारांचे तज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांना लिहिलेले हे पत्र टंकलिखित ३३ पानांचे होते! मुलाच्या वागण्यातली एकही बारीक गोष्ट बापाने सोडली नव्हती. ऑक्टोबर १९३८ मध्ये कॅनरनी डोनाल्डला प्रथम पाहिले. अशी आणखी दहा मुले पुढे त्यांच्याकडे आली आणि १९४३ साली त्यांनी या अकरा जणांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात पहिला रुग्ण म्हणून डोनाल्डचा वृत्तांत आहे.

हा वृत्तांत भाषेच्या शिक्षकाने तरी एकदा वाचावाच. डोनाल्डला ‘हो’ म्हणायला शिकवताना वडिलांनी आमिष दाखवले होते, की हो म्हणालास तर तुला खांद्यावर घेईन. तो शिकला, पण पुढे कितीतरी दिवस ‘हो’ या शब्दाचा त्याचा अर्थ ‘मला खांद्यावर घ्या’ एवढाच राहिला! त्या काळी कॅनडात जन्मलेल्या पाच जुळ्या बहिणींचे नाव सर्वतोमुखी होते. डोनाल्डने रंगाच्या बाटल्यांना त्यांची नावे दिली. निळा म्हणजे ॲनेट, तांबडा म्हणजे सेसिल. मग जांभळा रंग कसा तयार होतो? ॲनेट आणि सेसिल मिळून. आणि सर्वनामांची उलटापालट तर विलक्षणच. स्वतःला आंघोळ हवी असली की तो समोरच्याला विचारी, तुला आंघोळ हवी आहे का? कारण आंघोळीच्या वेळी त्याच्या कानावर येणारे वाक्य तेच.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आमचा दादा सहासात वर्षांचा होईपर्यंत भूक लागली की आईजवळ जाऊन म्हणत असे, “तुला भूक लागली?” वाड्यातली मंडळी हसत. आई मात्र मुकाट्याने उठून ताट वाढी. अजूनही फार दमला, घाबरला की दादाचे सर्वनाम असेच निसटते.

दादाला नाव मिळाले ते २०१९ साली, पंचेचाळिशीत. तोवर तो हट्टी होता, विक्षिप्त होता, ‘जरा असाच’ होता, आणि नातेवाइकांच्या मते आईने लाडावून ठेवलेला होता. गंमत अशी की तिकडे अमेरिकेत नेमका उलटा आरोप होता. आया थंड, मायाहीन, म्हणून मुले अशी होतात, असे विद्वान लोक पुढे बरीच वर्षे सांगत राहिले. अशा आयांना त्यांनी ‘रेफ्रिजरेटर’ ही पदवीसुद्धा बहाल केली. माया जास्त झाली म्हणून इकडची आई गुन्हेगार, कमी पडली म्हणून तिकडची! हा सिद्धांत केव्हाच निकालात निघाला आहे. ही घडण जन्मजात असते, तिला आईबापाचे वागणे कारण होत नाही, हे आज निर्विवाद आहे. आमच्या आईला हे कळले तेव्हा ती शहात्तर वर्षांची होती. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि म्हणाली, “म्हणजे माझं चुकलं नव्हतं.” एवढेच. मग तिने पर्समधून रिक्षाचे सुटे पैसे काढले.

डोनाल्डच्या हकिगतीतला मला सर्वांत आवडणारा भाग शेतावरचा आहे. १९४२ साली त्याला गावापासून दहाएक मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवले. या जोडप्याने मानसशास्त्राचे पुस्तक कधी उघडले असेल असे वाटत नाही. मुलाला मोजमापाचे वेड आहे हे त्यांनी पाहिले. त्याला विहीर खणायला लावली आणि खोली किती झाली ते सांगायला सांगितले. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजत बसे. त्यांनी नांगर हातात दिला आणि सांगितले, नांगरता नांगरता मोज. मेलेले किडे, पाखरे गोळा करू लागला, तेव्हा त्यांनी शेताच्या कोपऱ्यात त्याला दफनभूमीच काढून दिली. तिथे त्याने एकेका जिवाच्या नावाची पाटी लावली. पहिले नाव माणसासारखे, मधले नाव प्राण्याच्या जातीचे आणि आडनाव त्या शेतकऱ्याचे! कॅनर १९४५ साली स्वतः तिथे गेले तेव्हा घोडा वळवून सरळ तास काढणारा डोनाल्ड त्यांना पाहायला मिळाला. खोड मोडण्याचा नाद न करता ती कामाला जुंपायची, ही त्या शेतकऱ्याची अक्कल. मला तिची थोरवी फार वाटते.

कारण असा एक शेतकरी आमच्याही नशिबी आला. पुण्याच्या पेठेत त्यांचा छापखाना होता. वडिलांच्या ओळखीचे, आम्ही त्यांना काका म्हणत असू. दादा कसाबसा बारावी झाला, पुढे दोन नोकऱ्या झाल्या. एकीत तो तीन महिने टिकला, दुसरीत अकरा दिवस. दुसऱ्या ठिकाणी साहेबांनी त्याच्या टेबलाची जागा न विचारता बदलली, आणि जे व्हायचे ते झाले. मग काकांनी त्याला सहज एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाची मुद्रिते वाचायला दिली. दादाने ताळेबंदाचे पान पाहिले आणि म्हणाला, “बेरीज अठरा रुपयांनी चुकली आहे.” मुद्रणाची चूक नव्हतीच ती, मूळ कागदातच बेरीज चुकलेली होती. त्या दिवसापासून दादा छापखान्यातला ‘मास्तर’ झाला. पंचांगातली कोष्टके, सोसायट्यांचे अहवाल, सभासदांच्या याद्या, जिथे आकडे आहेत तिथे मास्तर. त्याची खुर्ची, टेबल, खिडकी आणि दुपारी तीनचा अर्धा कप चहा यांत तीस वर्षांत फरक पडलेला नाही. आता काकांचा मुलगा छापखाना चालवतो. काम निम्म्याने घटले आहे. दादा आठवड्यातून तीन दिवस जातो. पगार थोडा आहे, पण दर महिन्याला स्वतः सही करून घेतो.

डोनाल्डकडे परत येऊ. तो गावच्या शाळेत जाऊ लागला. त्याच्याविषयीची एक दंतकथा गावात अशी, की शाळेच्या दर्शनी भिंतीत विटा किती, हे त्याने एका नजरेत सांगितले होते. पोरे थक्क झाली. पुष्कळ वर्षांनी खुद्द डोनाल्डनीच कबूल केले, की तो आकडा त्यांनी मनाचाच ठोकून दिला होता. का? तर त्या मुलांचे आपल्याविषयी मत चांगले व्हावे म्हणून. अशा माणसांना इतरांची पर्वा नसते, ‘त्यांच्या जगात’ ती सुखी असतात, असे समजणाऱ्यांनी ही विटांची गोष्ट ध्यानात ठेवावी.

१९५८ साली ते जॅक्सन शहरातल्या मिलसॅप्स कॉलेजातून फ्रेंच घेऊन पदवीधर झाले आणि बँक ऑफ फॉरेस्टमध्ये लागले. तिथे त्यांची उणीपुरी ६५ वर्षे गेली. सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकले. गोल्फमध्ये स्थानिक चषक जिंकले. ओळखीच्या माणसांना ते मनातल्या मनात क्रमांक देत आणि वर्षानुवर्षे तो विसरत नसत. आवडत्या माणसाला रबरबँड मारणे हा त्यांचा विनोद. आणि प्रवास! अठ्ठावीसहून अधिक देश पाहिले, बहुतेक एकट्याने. कोणाला भेटायचे नाही, फार बोलायचे नाही, जे पाहायचे ठरवले ते पाहायचे, आणि सहसा आठवड्याच्या आत आपल्या गावी परत.

लग्न केले नाही. १९७० साली त्यांच्या आईने कॅनरना जे कळवले, त्यात मुलाची नोकरी, गोल्फ, क्लब, दुसरी मोटार सगळे नीट सांगून शेवटी एक हळहळ व्यक्त केली आहे: याच्या मनात आत खरोखर काय चालते, ते आपल्याला कळते तर बरे झाले असते. इतकी वर्षे सोबत राहून ही हळहळ! आईच ती.

१९८० मध्ये वडील गेले, १९८५ मध्ये आई गेली. डोनाल्ड तेव्हा बावन्नाच्या आसपास होते. ‘आमच्यामागे याचे काय?’ हा जो प्रश्न अशा प्रत्येक घरात उशीखाली घेऊन माणसे झोपतात, तो तिथे प्रत्यक्षात उभा राहिला. आणि झाले काय? फारसे काहीच नाही. डोनाल्ड त्याच घरात राहिले, त्याच बँकेत गेले. कुटुंबाने आधीच विश्वस्त निधी केला होता. त्यातून त्यांचा खर्च भागे, आणि कोणा लबाडाला त्यांच्याकडून एकरकमी पैसे उकळता येऊ नयेत अशी तजवीज होती. धाकटा भाऊ लक्ष ठेवी. उरलेले काम गावाने केले. २०१० च्या सुमारास दोन पत्रकार, जॉन डॉनव्हन आणि कॅरेन झकर, त्यांचा शोध घेत फॉरेस्टला पोहोचले, तेव्हा एकापेक्षा अधिक गावकऱ्यांनी त्यांना स्पष्ट बजावले: डॉनला दुखावलेत तर गाठ आमच्याशी आहे.

आता इथे एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. डोनाल्डच्या पाठीशी बँक होती, वकील बाप होता, गोरी कातडी होती. त्याच मिसिसिपीत, त्याच साली, कापसाच्या शेतावरच्या काळ्या मजुराच्या झोपडीत असे मूल जन्मले असते तर त्याच्यासाठी ३३ पानी पत्र कोणी लिहिले असते? कॅनरनी १९७१ साली आपल्या त्या अकरा मुलांचे पुढे काय झाले याचा मागोवा घेतला. जी सरकारी इस्पितळांत गेली ती तिथेच विझत गेली. तिथला प्रवेश म्हणजे जन्मठेपच ठरली, असा निष्कर्ष त्यांना काढावा लागला. शिवाय सगळी स्वमग्न माणसे बँकेत किंवा छापखान्यात जाऊ शकतात असेही नाही. कित्येकांना बोलता येत नाही, कित्येकांना अष्टौप्रहर सोबत लागते. डोनाल्डचा दाखला त्यांच्या आईबापांच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही.

आमची आई २०२१ च्या फेब्रुवारीत गेली. तेराव्याला जमलेल्या मंडळींत दोन पक्ष पडले. एक म्हणत होता, संस्थेत ठेवा. दुसरा म्हणत होता, बहीण आहे ना, ती नेईल. बहिणीने नेले. माझे यजमान उमदे आहेत. मेहुण्याला नेताना त्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही, उलट मुलीची खोली त्याच्यासाठी रिकामी केली. सहावा मजला, मोठी खिडकी, हवेशीर खोली. दादाने पाच आठवडे काढले. पहिल्या आठवड्यात त्याने भात सोडला. दुसऱ्यात बोलणे. रात्री तो हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत राही. मी त्याला कधी रागावले, कधी विनवले. एकदा हात धरून जबरदस्तीने ताटावर बसवले; ते आठवले की आजही हात कापतो. ‘अरे दादा, मी तुझ्यासाठी एवढं करते,’ हे वाक्य मी किती वेळा म्हटले असेन!

त्याच दिवसांत मी डोनाल्डविषयी वाचत होते. क्षयाच्या त्या संस्थेत चार वर्षांचे मूल जेवेनासे झाले, या वाक्याशी मी थांबले. त्याला कोणी छळले नव्हते. त्याचे घर काढून घेतले होते, एवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला विचारले, “घरी जायचं?” तो उठून चपला घालू लागला.

पण मी एक अपराध आधीच करून बसले होते. घर बंद राहणार म्हणून आईच्या स्वयंपाकघरातले पितळी डबे मी वाटून टाकले होते. दादा आत गेला आणि रिकाम्या फळीसमोर उभा राहिला. पाऊण तास. मी नातेवाइकांकडून डबे परत मागून आणले. काहीशी नाचक्कीच ती. पाच परत मिळाले, चौथ्या जागेवरचा मोडीत गेला होता. नवा आणून ठेवला तर दादाने तो उचलून ओट्याखाली ठेवला. आजही त्या फळीवर तीन डबे, मग एका डब्याची मोकळी जागा, आणि मग दोन डबे असे उभे आहेत.

आता चार वर्षे होऊन गेली, तो आपल्या घरी राहतो. स्वयंपाकाच्या बाई सकाळी येतात. बदली पाठवणार असतील तर आदल्या दिवशी सांगतात. वाण्याकडे खाते आहे. बिले बँकेतून परस्पर जातात, तरी ती छापील हवीत, कारण युनिटे वहीत उतरायची असतात. वरच्या मजल्यावरच्या आजी रोज साडेआठला जिन्यातून “मास्तर, निघालात का?” असे विचारतात. तो उत्तर देत नाही, पण आजी गावाला गेल्या की बेचैन असतो. मी मंगळवारी आणि शनिवारी जाते. वार चुकवत नाही.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगते, कारण पुष्कळांना ती ठाऊक नसते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांमध्येही तिचा समावेश आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमून घेता येतो. मला दोघातिघांनी तसे सुचवले. मी अजून अर्ज केलेला नाही. दादा पगाराच्या पावतीवर सही करतो तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. ती सही त्याची त्यालाच राहू द्यावी असे वाटते. उद्या माझेच बरेवाईट झाले तर काय, हा प्रश्न आहेच. माझी मुलगी म्हणते, “मी बघेन.” पण चोवीस वर्षांच्या मुलीकडून असले वचन घेऊ नये असे मला वाटते. आईच्या मृत्युपत्रात घर दादाच्या नावे आहे. त्यापुढचा विश्वस्त निधीचा मसुदा वकिलांकडे आहे आणि सध्या तिथेच पडून आहे.

दिवाळी ही दादाची वैरीण. फटाक्यांचा आवाज त्याला कानात नव्हे, अंगात लागतो. लहानपणी आई त्याच्या कानांत कापूस घालून त्याला न्हाणीघरात घेऊन बसे. लक्ष्मीपूजन वडील एकटे करीत. आता दादाने स्वतःच तोड काढली आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसतो. पुणे धरून सतरा स्टेशने. त्या वेळी गाडी जवळजवळ रिकामी असते आणि मळवलीच्या पुढे तर बाहेर मिट्ट काळोख.

गेल्या वर्षी मी त्याच्याबरोबर गेले. घरी पूजा सकाळीच नैवेद्य दाखवून उरकल्यासारखी केली, यजमान म्हणाले, “लक्ष्मीला आपण कळवू की लोणावळ्याला या.” शिवाजीनगर, खडकी, दापोडी, प्रत्येक स्टेशन यायच्या आधी दादा त्याचे नाव हळूच उच्चारी. डब्यात आम्ही दोघे आणि पेंगणारा एक पोलीस. बेगडेवाडी, घोरावाडी. तळेगावला लांबवर आकाशात रंग फुटलेले दिसले, आवाज आला नाही. कामशेत सोडल्यावर दादाने माझ्या पिशवीकडे पाहिले.

“तुला भूक लागली?” तो म्हणाला.

तो स्वतःविषयी बोलत होता की खरेच मला विचारत होता, ते मला कळले नाही. मी डबा उघडला, दोन करंज्या त्याच्या हातावर ठेवल्या. त्याने एक खाल्ली आणि एक परत डब्यात, माझ्या बाजूला ठेवली.